वॉकीटॉकी घेण्याआधी: उत्सर्जन संकेत आणि बँडविड्थ कशी वाचायची

आषाढी वारीला बेळगावजवळच्या आमच्या खानापूर भागातून निघणाऱ्या पायी दिंडीत पुढे विणेकरी, मध्ये बायामाणसं आणि सगळ्यात मागे सामानाचा टेंपो, असा किलोमीटरभराचा पसारा होतो. मिरजेच्या पुढे गर्दी इतकी वाढते की मोबाईलला कांड्या दिसतात, पण फोन लागत नाही. म्हणून एका वर्षी आम्ही दुकानातून दोन वॉकीटॉकी घेतले. तिसरा भाच्याने आणला होता. तिन्ही सेटवर एकच फ्रिक्वेन्सी भरून आम्ही निघालो. पहिल्याच दिवशी भाचा मागून म्हणाला, "मामा, तुझं बोलणं मधनंच तुटायलंय की. हळू बोललास तर कळायलंय, जोरात बोललास की बंद." आणि मला त्याचा आवाज इतका बारीक यायचा की सेट कानाला चिकटवावा लागे. बॅटऱ्या बदलल्या, अँटेना बदलल्या, काही फरक पडला नाही. पंढरपूरपर्यंत हेच चाललं.

दोष बॅटरीत नव्हता, अँटेनातही नव्हता. माझा सेट '१६के० एफ३ई'वर बोलत होता आणि त्याचा '११के० एफ३ई'वर. ही दोन नावं, म्हणजे उत्सर्जन संकेत, तेव्हा मला वाचता येत नव्हती. पुढे हौशी (हॅम) रेडिओचा परवाना काढताना ती शिकलो. तेव्हा आणखी एक गोष्ट समजली आणि ती जास्त टोचली: दुकानदाराने भरून दिलेल्या ज्या फ्रिक्वेन्सीवर आम्ही वारीभर बोललो, ती वापरायला परवाना लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. या दोन्ही चुका पाच मिनिटं सेटचा कागद वाचला असता तर टळल्या असत्या. तो कागद कसा वाचायचा, तेवढंच इथे सांगतो.

एक खुलासा आधी. कागदावर हे संकेत रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता छापलेले असतात. मी ते उच्चाराप्रमाणे लिहितो आहे आणि डोळ्यांना सोपं जावं म्हणून मध्ये जागा सोडली आहे. आपल्या भागात सरकारी कागद कन्नडमध्ये आला की आपली अडचण होते, इंग्रजीत आला तरी होते. हा संकेत मात्र जगभर एकाच लिपीत आणि एकाच अर्थाने छापला जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीने तो ठरवला आहे, आजची पद्धत १९७९ च्या जागतिक परिषदेत ठरून १९८२ पासून लागू झाली. त्याआधीच्या सेटच्या माहितीपुस्तकात '१६एफ३' किंवा 'ए३जे' असं काही दिसलं तर ती जुनी पद्धत समजायची.

पहिली पायरी: संकेत दोन तुकड्यांत तोडा

'११के० एफ३ई' यातली पहिली चार चिन्हं म्हणजे रुंदी, म्हणजे हे प्रसारण किती जागा घेतं. पुढची तीन चिन्हं म्हणजे जात, म्हणजे आवाज लहरीवर कसा चढवला आहे, तो ऍनालॉग आहे की डिजिटल, आणि नेमकं काय पाठवलं जातं आहे. काही ठिकाणी शेवटी आणखी दोन अक्षरं असतात. ती ऐच्छिक आहेत, वॉकीटॉकी घेणाऱ्याने ती सोडून दिली तरी चालतं.

रुंदीचा तुकडा वाचायची एकच युक्ती आहे: अक्षर जिथे आहे, तिथे दशांश चिन्ह आहे असं समजा. एच म्हणजे हर्ट्झ, के म्हणजे किलोहर्ट्झ, एम म्हणजे मेगाहर्ट्झ, जी म्हणजे गिगाहर्ट्झ. '११के०' म्हणजे ११.० किलोहर्ट्झ. '६के२५' म्हणजे ६.२५ किलोहर्ट्झ. '२के७०' म्हणजे २.७० किलोहर्ट्झ. '४००एच' म्हणजे नुसते ४०० हर्ट्झ, '१०एम०' म्हणजे १० मेगाहर्ट्झ. तीन आकडे आणि एक अक्षर, कायम चारच चिन्हं. कुणी '११के' एवढंच लिहून दाखवलं तर लिहिणाऱ्याने घाई केली आहे.

'१६के०' आणि '१के६०' यांत गल्लत होते, ती करू नका. पहिलं सोळा किलोहर्ट्झ, दुसरं दीड किलोहर्ट्झच्या थोडं वर. अक्षर एक घर सरकलं की दहापटीचा फरक पडतो.

दुसरी पायरी: पुढची तीन चिन्हं

पहिलं अक्षर मॉड्युलेशनचं, म्हणजे आवाज लहरीवर चढवण्याच्या पद्धतीचं. एफ म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, आपण ज्याला एफएम म्हणतो ते. जी म्हणजे फेज मॉड्युलेशन, वापरणाऱ्याला एफ आणि जी यांत ऐकताना फरक कळत नाही. ए म्हणजे एएम, यात लहरीची उंची बदलते आणि आवाज मधल्या लहरीच्या वर आणि खाली, दोन्ही बाजूंना पसरतो. जे म्हणजे एकच बाजू ठेवून वाहक लहर (जिच्यावर आवाज चढतो ती मधली लहर) दाबून टाकलेलं, ज्याला एसएसबी म्हणतात.

मधला आकडा संदेशाच्या स्वरूपाचा. ३ म्हणजे एकच ऍनालॉग वाहिनी, १ म्हणजे एकच डिजिटल वाहिनी, ७ म्हणजे दोन किंवा जास्त डिजिटल वाहिन्या. एक्स आलं तर ते ठरलेल्या कुठल्याच प्रकारात बसत नाही.

शेवटचं अक्षर काय पाठवता त्याचं. ई म्हणजे बोलणं, डी म्हणजे डेटा, ए म्हणजे कानाने ऐकायचा मोर्स, डब्ल्यू म्हणजे आवाज आणि डेटा असं मिश्रण.

एवढं आलं की आपल्या भोवतालचे बरेच आवाज वाचता येतात. सांबऱ्याच्या विमानतळावरचा वैमानिक टॉवरशी बोलतो ते '६के०० ए३ई', म्हणजे साधं एएम. इतकी प्रगती होऊनही विमानं एएमवर का, याला कारण आहे. एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरदार सेट दुसऱ्याला पार गिळून टाकतो आणि ऐकणाऱ्याला दुसरा कुणी बोलत होता हेही कळत नाही. एएममध्ये दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून शिट्टीसारखा आवाज येतो, निदान दोघे एकदम बोलले हे तरी टॉवरला समजतं. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात गेलात तर मुरगावच्या बंदरातली जहाजं '१६के० जी३ई'वर बोलतात. धारवाड आकाशवाणी ७६५ किलोहर्ट्झवर आणि सांगली १२५१ वर ऐकत आपण मोठे झालो, तेही ए३ई.

डिजिटल वॉकीटॉकीच्या कागदावर '७के६० एफएक्सडब्ल्यू' दिसेल. तो डीएमआर प्रकार: साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलमध्ये वेळ वाटून दोन संभाषणं चालतात. 'एफएक्सडी' असेल तर तोच प्रकार फक्त डेटासाठी. '४के०० एफ१ई' म्हणजे सव्वासहा किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनलमधला डिजिटल आवाज. दुकानात 'डिजिटल' शब्दावर भुलू नका. एफएक्सडब्ल्यूचा आवाज एफ१ई सेटला समजत नाही, आणि एफ३ई सेटला त्यातलं काहीच समजत नाही, नुसती घरघर येते. चार जण मिळून सेट घेत असाल तर चौघांच्या कागदावरची शेवटची तीन चिन्हं जुळली पाहिजेत. ही पहिली अट, बाकीचं नंतर.

तिसरी पायरी: रुंदीचं गणित स्वतः करा

सोळा आणि अकरा हे आकडे कुठून येतात ते एकदा स्वतः काढून पाहिलं की पुढे कुणी फसवू शकत नाही. गणित चौथीच्या मुलालाही येईल.

बोलण्यातला कामाचा सर्वांत उंच स्वर ३ किलोहर्ट्झ धरतात. एफएममध्ये आपण बोलतो तसा वाहक मध्यापासून दोन्हीकडे हेलकावे खातो. तो एका बाजूला जास्तीत जास्त किती जातो त्याला डेव्हिएशन म्हणतात. लागणारी रुंदी म्हणजे या दोहोंच्या बेरजेची दुप्पट. अमेरिकन अभियंता जॉन कार्सन याच्या १९२२ मधल्या कामावरून याला कार्सनचा नियम म्हणतात.

डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झ असेल तर ३ अधिक ५ म्हणजे ८, दुप्पट १६. झालं '१६के०'. डेव्हिएशन अडीच असेल तर ३ अधिक २.५ म्हणजे ५.५, दुप्पट ११. झालं '११के०'. मधेच कुठे '१४के०' दिसलं तर डेव्हिएशन ४ आहे. '१०के५' दिसलं तर घाबरू नका, बनवणाऱ्याने डेव्हिएशन किंचित आणखी कमी ठेवलं आहे.

एएमचं याहून सोपं: उंच स्वराची दुप्पट. ३ ची दुप्पट ६, म्हणून '६के०० ए३ई'. एसएसबीमध्ये एकच बाजू जाते, म्हणून तीनाच्या आतबाहेर, '२के७०' किंवा '२के८०'.

संकेतातला हा आकडा म्हणजे 'आवश्यक' रुंदी, प्रयोगशाळेत यंत्र लावून मोजलेली रुंदी नव्हे. मोजलेल्या रुंदीला व्याप्त रुंदी म्हणतात. एकूण शक्तीचा ९९ टक्के भाग जितक्या जागेत बसतो तेवढी, म्हणजे खाली अर्धा टक्का आणि वर अर्धा टक्का सोडून. चाचणी अहवालात दोन वेगळे आकडे दिसले तर त्याचं कारण हे.

चौथी पायरी: चॅनलची रुंदी आणि आवाजाची रुंदी वेगळी ओळखा

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, माझाही झाला. सेटच्या मेनूत '२५' आणि '१२.५' असे दोन पर्याय असतात, कधी 'वाइड' आणि 'नॅरो' असे शब्द असतात. ही चॅनलची रुंदी. संकेतातले १६ आणि ११ ही त्या चॅनलमध्ये बोलणाऱ्याची रुंदी. उसाच्या रानात सरी साडेचार फुटांची असली तरी ऊस काही साडेचार फूट जाड नसतो. दोन ओळींत मोकळी जागा राहते, म्हणून पाला एकमेकांत शिरत नाही. पंचवीसच्या चॅनलमध्ये सोळाचा आवाज, साडेबाराच्या चॅनलमध्ये अकराचा. दुसऱ्या हिशेबात मोकळी जागा किती थोडी उरते पाहा: दोन्ही बाजूंना मिळून दीड किलोहर्ट्झ.

आता सोळाचा आवाज साडेबाराच्या चॅनलमध्ये घुसवला तर शेजारच्या दोन्ही चॅनलवर त्याची खरखर जाणार. शिवाय ऐकणाऱ्या सेटची गाळणीही तितकीच अरुंद असते. बोलणारा जोरात बोलला की हेलकावा गाळणीच्या बाहेर जातो, आवाज फाटतो, आणि सेटला वाटतं सिग्नलच गेला, म्हणून तो स्पीकर बंद करतो. भाच्याचं 'जोरात बोललास की बंद' हे नेमकं तेच होतं. उलट बाजूने, अडीचचा हेलकावा पाचाची अपेक्षा असलेल्या सेटवर आला की आवाज निम्म्याने बारीक. मला तो कानाला सेट चिकटवून ऐकावा लागे, ते यामुळे. दोन्ही सेट निर्दोष होते, फक्त एकमेकांशी जुळवलेले नव्हते.

म्हणून कुठल्याही गटाने पहिलं काम हे करावं: सगळे सेट एका चादरीवर मांडा, प्रत्येकाच्या मेनूत जाऊन ही रुंदी एकसारखी करा, मग फ्रिक्वेन्सी भरा. कळा लॉक करा, नाहीतर खिशात दाबल्या जाऊन परत बदलतात.

पाचवी पायरी: बिनपरवाना पट्टा आणि त्याच्या कडा

बेळगावच्या माणसाला सवयीने प्रश्न पडतो: हद्द ओलांडली की नियम बदलतो का? निपाणीत एक आणि कागलमध्ये दुसरं, कणकुंबीत एक आणि सत्तरीत तिसरं, असं काही? नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत बिनतारी संदेश हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे, ३१ क्रमांकाची नोंद. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, तिन्हीकडे एकच नियम. आपल्या नशिबी हद्दीमुळे इतके हेलपाटे आहेत की या एका बाबतीत तरी ते नाहीत, हे मला मनापासून बरं वाटतं.

भारतात साध्या माणसाने परवान्याशिवाय वॉकीटॉकी वापरायचा तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. कमी शक्तीच्या लघुपल्ला उपकरणांना परवान्यातून सूट देणाऱ्या २०१८ च्या नियमांत तो येतो. सूट परवान्यातून आहे, उपकरणाच्या मान्यतेतून नाही. सेटला केंद्रीय दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण प्रकार मान्यता, म्हणजे ईटीए, असावीच लागते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींबद्दल खास मार्गदर्शक सूचना काढल्या. सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो हे विक्रीच्या पानावर सांगणं त्यांनी बंधनकारक केलं. तेव्हा 'पल्ला दहा किलोमीटर, परवान्याची गरज नाही' एवढंच लिहिलेलं पान दिसलं तर पुढे जा.

आता या पट्ट्याचं गणित करू, कारण बँडविड्थ इथे कामाला येते. युरोपात याच पट्ट्याला पीएमआर ४४६ म्हणतात. तिथे २०० किलोहर्ट्झचे साडेबारा-साडेबाराचे १६ चॅनल पाडले आहेत. पहिल्याचा मध्य ४४६.००६२५, शेवटच्याचा ४४६.१९३७५. तीच विभागणी समोर ठेवू.

पहिल्या चॅनलवर '११के०' वापरलं तर आवाज मध्यापासून दोन्हीकडे साडेपाच किलोहर्ट्झ पसरतो. खालची कड ४४६.०००७५. पट्टा ४४६.० ला सुरू होतो, म्हणजे आपण पाऊण किलोहर्ट्झ आत आहोत. ठीक. आता मेनूत चुकून 'वाइड' राहिलं. '१६के०' म्हणजे दोन्हीकडे आठ. खालची कड ४४५.९९८२५. पट्ट्याच्या बाहेर, पावणेदोन किलोहर्ट्झ. फ्रिक्वेन्सी बिनपरवाना, सेट मान्यताप्राप्त, आणि तरी एका मेनूमुळे आपण बांधाच्या पलीकडे गेलो. सोळाव्या चॅनलवर हेच वरच्या कडेला होतं.

त्यात आणखी एक बारकावा. स्वस्त सेटमधला फ्रिक्वेन्सी ठरवणारा स्फटिक दहा लाखात अडीच भागांनी इकडेतिकडे होऊ शकतो. ४४६ मेगाहर्ट्झवर तो फरक ११०० हर्ट्झच्या पुढे जातो, म्हणजे आत राखलेल्या पाऊण किलोहर्ट्झहून जास्त. म्हणून माझा सल्ला: दोन्ही टोकांचे चॅनल सोडा आणि मधला एखादा घ्या. कायम 'नॅरो'वर ठेवा.

टोनबद्दल एक वाक्य सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेटवर 'प्रायव्हसी कोड' म्हणून जे असतं ते ऐकू न येणाऱ्या खर्जातला एक सूर असतो. तो जुळला नाही तर तुमचा स्पीकर बंद राहतो, इतकंच. तुमचं बोलणं त्या चॅनलवरच्या कुणालाही ऐकू जातं. घरात पैसे कुठे ठेवले, पोरगी एकटी कुठल्या वाटेने येते आहे, असलं काही त्यावर बोलू नका. टोनमुळे रुंदीचा संकेतही बदलत नाही.

सहावी पायरी: परदेशातून आलेला सेट

आपल्याकडे घरटी कुणीतरी आखातात नाहीतर अमेरिकेत असतं. सुट्टीला येताना तो हौसेने वॉकीटॉकीची जोडी आणतो. खोक्यावर एफआरएस किंवा जीएमआरएस लिहिलेलं असेल तर तो अमेरिकेतल्या ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या चॅनलवर चालतो. तिथे एफआरएसला परवाना लागत नाही, कमाल रुंदी साडेबारा किलोहर्ट्झ. जीएमआरएसला परवाना लागतो आणि मुख्य चॅनलवर २० किलोहर्ट्झपर्यंत मुभा आहे, म्हणून त्याच्या कागदावर '१६के० एफ३ई' सापडतं. हे सगळे नियम अमेरिकेतले. भारतात ४६२ आणि ४६७ वर अशी सूट नाही. पाहुण्याचं मन मोडवत नसलं तरी तो सेट कपाटात ठेवा.

२७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडला आपल्याकडेही परवान्यातून सूट आहे, २६.९५७ ते २७.२८३, पाच वॅटपर्यंत. पण बाहेरचा चाळीस चॅनलचा सेट २७.४०५ पर्यंत जातो. चॅनल २७ म्हणजे २७.२७५. ए३ईसाठी अमेरिकी नियमातली कमाल रुंदी, ८ किलोहर्ट्झ, धरली तरी वरची कड २७.२७९, आत. चॅनल २८ म्हणजे २७.२८५, मध्यच बाहेर. म्हणजे अशा सेटवर अठ्ठाविसाव्यापासून पुढचं सगळं वर्ज्य.

१४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे हौशी रेडिओचे पट्टे. बाजारातले दोन पट्ट्यांचे चिनी बनावटीचे सेट इथे सहज बोलतात, म्हणून लोक समजतात की बोललं तरी चालतं. त्याला परीक्षा आहे, परवाना आहे, नावासारखा पुकारा आहे, व्हीयू २ किंवा व्हीयू ३ ने सुरू होणारा. वय १२ पूर्ण झालं की परीक्षा देता येते. ज्याला या विषयाची गोडी लागली त्याने ती जरूर द्यावी. खानापुरातल्या शाळेतली पोरं हे शिकली तर मला फार आनंद होईल, पुरात आणि घाटात अशा माणसांची गरज पडते. २०१९ ला कृष्णेने चिकोडी-रायबाग-अथणीकडे काय केलं ते आपण पाहिलं आहे.

सातवी पायरी: कागद हातात घेऊन वाचणं

ईटीए प्रमाणपत्र आणि माहितीपुस्तक शेजारी ठेवा. आधी मॉडेलचा क्रमांक सेटच्या पाठीवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी तो दुसरा सेट आहे. मग फ्रिक्वेन्सीचा पट्टा: तो ४४६.० ते ४४६.२ च्या आतच हवा. '४०० ते ४७०' असं लिहिलेलं असेल तर तो सर्वसाधारण व्यावसायिक सेट आहे. त्यात ४४६ चा आकडा भरता येतो, एवढ्यावरून तो परवान्याच्या सवलतीत बसत नाही. मग शक्ती. मग संकेत, आणि संकेतातली रुंदी १२.५ च्या आत आहे का ते पाहा. माहितीपुस्तकात दोन संकेत दिले असतील, '११के० एफ३ई' आणि '१६के० एफ३ई', तर मेनूतून रुंदी बदलता येते असा त्याचा अर्थ. अशा सेटसाठी पाचवी पायरी विसरू नका.

दुकानदार म्हणेल, "साहेब, पाच वॅटचा घ्या, रेंज येते." युरोपच्या नियमात पीएमआर ४४६ ला अर्धा वॅटच आहे. अर्ध्याचे पाच केले म्हणून पल्ला दहापट होत नाही. दोन माणसं सपाट रानात उभी असतील तर जमिनीच्या गोलाईमुळे हातातल्या सेटचा हिशेबी पल्ला दहा किलोमीटरच्या आसपास संपतो, मग वॅट कितीही असोत. आणि हिशेब कागदावरचा. बारा फुटी ओल्या उसाच्या फडात ४४६ ची लहर पाल्यातच जिरते. जांबोटीच्या जंगलातही तसंच. टेकाडावर चढून बोला, राजहंसगडावरून अर्ध्या वॅटचा सेट खालच्या पाच वॅटपेक्षा लांब बोलतो.

आठवी पायरी: घरी तपासणी

दोन सेट घ्या, एक अंगणात, एक मळ्याच्या टोकाला. तोंडापासून चार बोटं अंतर ठेवून, सेट किंचित तिरका धरून, नेहमीच्या आवाजात शंभरपासून उलटे आकडे मोजा. मग मुद्दाम मोठ्याने मोजा. मोठ्याने मोजताना ऐकणाऱ्याला आवाज तुटक आला तर बोलणारा सेट रुंद आहे आणि ऐकणारा अरुंद. दोन्ही वेळेला बारीक आला तर उलट. मग भूमिका बदलून परत. आपल्याकडे माईक ओठाला टेकवून ओरडायची सवय आहे. सेटमध्ये हेलकावा रोखणारी मर्यादा असते, पुढे नुसता आवाज चिरतो, लांब जात नाही.

कुणाकडे संगणकाला लावायचा छोटा एसडीआर डोंगल (रेडिओ लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर डोळ्यांनी पाहता येतं. सेट सर्वांत कमी शक्तीवर ठेवून शेजारच्या खोलीतून बोला, डोंगलला लांब अँटेना लावू नका. पडद्यावर मधोमध उंच खांब आणि दोन्हीकडे पसरणारा पदर दिसेल. 'नॅरो'वर तो पदर अकराच्या आसपास, 'वाइड'वर सोळाकडे. मेनूत नॅरो लिहिलेलं असूनही पदर रुंदच राहिला असा एक सेट माझ्या हातात आला होता. तो मी परत केला.

सगळं जुळलं की एक शेवटचं काम. बॅटरी काढा आणि आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावा. त्यावर न पुसणाऱ्या पेनाने चॅनल, 'नॅरो' आणि '११के० एफ३ई' एवढं लिहा. वारीत सेट हातोहात फिरतो, आणि परत आला की तो कुणाचा आणि कुठल्या सेटिंगवर होता हे कुणाला आठवत नाही. आमच्या पाचही सेटच्या पोटात आता ती पट्टी आहे.